डायलिसिसजन्य मणक्यांचा विकार

मूत्रपिंडे निकामी झाल्याने अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत मणके व त्यांमधील चकत्या झिजवणारा विकार. १९८४ मध्ये फ्रान्समधील कुन्ट्झ व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. १९८५ मध्ये जपानमधील गेज्यो व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ डायलिसिसवरील रुग्णांतील अमायलॉइड (ऊतींत साचणारा प्रथिनांचा थर) हे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे असल्याचे दाखवले. निरोगी मूत्रपिंडे हे प्रथिन रक्तातून काढून टाकतात. साध्या डायलिसिसच्या पडद्यातून ते पुरेसे निघत नाही आणि चकत्या, अस्थिबंध व सांध्यांत साचते. परावटू ग्रंथींच्या अतिक्रियेनेही हाडे कमकुवत होतात.

मानेच्या खालच्या मणक्यांना अधिक बाधा होते. मानदुखी, हातांना मुंग्या व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात; मज्जारज्जू दाबला गेल्यास चालणे अडखळते. क्ष-किरण चित्रात चकतीची जागा अरुंद व मणक्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. जंतुसंसर्गातही असेच चित्र दिसते. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात शिरू शकत असल्याने एमआरआय व रक्ततपासणीने हा संसर्ग वगळणे अत्यावश्यक असते.

डायलिसिसचे उच्च-प्रवाही पडदे व हीमोडायाफिल्ट्रेशन या डायलिसिसच्याच पद्धतीमुळे प्रथिनाचा साठा कमी होतो. यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणाने तो वाढणे थांबते. मज्जारज्जूवर दाब असल्यास शस्त्रक्रियेने दाब काढून मणके जोडतात.