आधी खराटा, मग कीर्तन

लिंक्डइनवर आपली पाचशेच्या वर कनेक्शन्स असतात. पण अडीनडीला हक्कानं फोन करावा असे त्यातले किती? आणि अनोळखी माणसाला आपण पहिल्याच मेसेजात रेफरल मागतो!

आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा बघा. गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर झाडलोट, मग रात्री कीर्तन, तेही वऱ्हाडी बोलीत, लोकांनाच प्रश्न विचारत. कुणाला पाया पडू दिलं नाही, शिष्य केले नाहीत. तरी लोकांनी विश्वासानं पैसे दिले. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या. स्वतःला मात्र झोपडीच पुरली.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबा गेले. धर्मशाळांत आजही लोक उतरतात.

असो. मंडळी, कीर्तन आपल्यालाही येतं हो... खराटा कधी घेणार?