वशिंडाची गाय आणि रक्तातली चरबी

एकोणिसाव्या शतकात आंध्रची ओंगोल गाय बोटीने ब्राझीलला गेली आणि नेल्लोर जिल्ह्याच्या नावावरून तिथे ‘नेलोर’ झाली. 1962 च्या मोठ्या खेपेनंतर ही आयात जवळजवळ थांबली. ओंगोलजवळच्या करवडी गावचा प्रसिद्ध वळू त्याच खेपेतला. आज ब्राझीलचा मांसासाठीचा बहुतांश कळप नेलोर रक्ताचा आहे. 2000 नंतर प्रयोगशाळेत गाईंचे भ्रूण तयार करण्यात हा देश जगात पुढे गेला, आणि सुरुवातीच्या वर्षांत स्त्रीबीजे प्रामुख्याने नेलोर गाईंचीच घेतली जात होती. आपल्याकडे ही हकिकत देशी गाईच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगितली जाते. ती निम्मी खरी आहे. स्त्रीबीजांची संख्या बऱ्याच अंशी कुळातून येते. त्यांचा दर्जा मात्र त्या गाईकडून आपण काय काम करून घेतो यावर फार अवलंबून असतो, आणि हा फरक रक्तातल्या चरबीत दिसतो.

संख्येबाबत वाद घालण्यात अर्थ नाही. सारख्या चाऱ्यावरच्या वशिंडाच्या आणि युरोपीय गाई सोनोग्राफीने तपासल्या, तर वशिंडाच्या गाईच्या अंडाशयात स्त्रीबीजे धारण करणारी बीजपुटके बरीच जास्त दिसतात. रक्तातही भेद आहे. 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशात जे. सी. ओ’केली यांनी झेबू (म्हणजे वशिंडाच्या) आणि ब्रिटिश जातींच्या रक्तातल्या चरबीची तुलना केली. झेबू रक्ताच्या जनावरांत कोलेस्टेरॉल जास्त निघाले. हा शब्द ऐकून डॉक्टरांची चिठ्ठी आठवणाऱ्या वाचकाने दचकू नये. गाईला ते हवेच असते, कारण गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन त्यातूनच बनते. घातक ठरते ती दुसरी चरबी. खाण्यातून मिळते त्याहून जास्त ऊर्जा दुधात जाऊ लागली की अंगावरची चरबी वितळते आणि मुक्त स्निग्धाम्लांच्या रूपाने रक्तात उतरते. बेल्जियममध्ये जो लेरॉय आणि सहकाऱ्यांनी 2004 च्या सुमारास दाखवले की नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईंत ही आम्ले बीजपुटकातल्या द्रवापर्यंत पोहोचतात. तेवढ्याच प्रमाणात ती प्रयोगशाळेत दिली तर स्त्रीबीज नीट पक्व होत नाही. बीजपुटक वाढायला महिने लागतात. म्हणून व्याल्यावर अडीच महिन्यांनी भरवलेल्या गाईचे स्त्रीबीज कदाचित तिच्या त्या ओढाताणीच्या दिवसांतच वाढलेले असते, असा तर्क अमेरिकी संशोधक जॅक ब्रिट यांनी 1990 च्या दशकात मांडला होता.

मग दोष होल्स्टिन या दुधाळ युरोपीय गाईच्या रक्ताचाच, असे कोणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेतील दुभत्या गाई पहिल्या भरवणीला गाभण राहण्याचे प्रमाण 1951 मध्ये सुमारे 65 टक्के होते, ते 1990 च्या दशकात 40 टक्क्यांवर आले. याच काळात त्याच वंशाच्या, पण अजून न व्यालेल्या कालवडी पूर्वीसारख्याच फळत राहिल्या. कूळ तेच, फक्त दूध नाही. यावर एक रास्त आक्षेप उरतो: अंगावरची चरबी जाळून दूध देण्याची खोडही पैदासकारांनी निवडून निवडून रक्तातच भरली, मग तो कुळाचा गुण नव्हे काय? आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. पण तो होल्स्टिनचा जन्मजात शाप नाही, माणसाने शंभरेक वर्षे केलेल्या निवडीचा हिशेब आहे. आपल्या देशी गीर गाईची निवड त्याच निकषावर आणि तितक्याच हट्टाने केली, तर तिलाही हीच किंमत मोजावी लागेल असे मला वाटते. नेलोरला ती मोजावी लागली नाही, कारण ती मांसासाठी पाळली जाते आणि तिचे दूध वासरापुरतेच असते. तिची तुलना धारोष्ण दुधाच्या बादल्या भरणाऱ्या गाईशी करणे म्हणजे मोकळ्या बैलाची दमणुकीत नांगराच्या बैलाशी पैज लावणे.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. उरुळी कांचनला गीर गाई सांभाळणाऱ्या मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाय गोठ्यागोठ्यांत पोहोचवली. तिने घराघरांत दुधाचा पैसा आणला, हे तिचे टीकाकारही नाकारणार नाहीत. ती भरवूनही गाभण न राहता वारंवार उलटू लागली की मात्र खापर परदेशी रक्तावर फुटते, आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तिच्या पुढ्यात काय पडले हे कोणी विचारत नाही. विचारले तरी सांगायला नोंदी हव्यात. ब्राझीलच्या उबेराबात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झेबूंच्या वंशनोंदी सुरू झाल्या. आपल्याकडे बहुतेक गाईंची जात सांगता येते, वेताची आणि भरवणीची तारीख सांगता येत नाही. दोन जातींच्या स्त्रीबीजांचा निवाडा करणाऱ्याने आधी त्या गाई केव्हा व्याल्या आणि किती दूध देत होत्या, ते सांगावे.