ताशी ८६ मैल धावणारे झाड

सन १९७९. अमेरिकेतील मियामी शहरात एका दूरचित्रवाणी वार्ताहराने पोलिसी रडारची परीक्षा घेतली. पामच्या झाडाचा वेग निघाला ताशी ८६ मैल! एक घर ताशी २८ मैलांनी निघाले होते. त्याच वर्षी न्यायाधीश नेस्बिट यांनी रडारची नोंद निःसंशय पुरावा मानण्यास नकार दिला.

मग डॉपलरचे १८४२ मधील तत्त्व चुकले काय? मुळीच नाही. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता बदलते, हे खरेच आहे. मात्र लहर कोणावरून परतली, हे यंत्र सांगत नाही. पोलिसगाडीतला फिरता पंखाही त्याला वाहन वाटू शकतो.

म्हणूनच यंत्र कोठे ठेवायचे हा प्रश्न आपल्याला महत्त्वाचा वाटतो. कडेला उभे केलेले रडार वेगाचा स्वतःच्या दिशेने असलेला घटकच मोजते. कोन २० अंश असेल तर ताशी १०० किलोमीटरची गाडी ९४ दाखवते, कारण २० अंशांची कोज्या ०.९४ आहे. (त्रिकोणमिती कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.) कोन ९० अंश झाला की उत्तर शून्य! शिवाय लोखंडी फलकांवरून लहरी उसळतात आणि ट्रकच्या आड स्कूटर लपते. म्हणून वाहने मोजणारे रडार फलकांपासून दूर, उंच खांबावर बसवतात.