चित्रांतील कड आणि इतिहासांतील कड

चित्राविषयीं लिहिण्याचा अधिकार चित्रकारांचा. इतिहासाच्या अध्यापकानें त्या प्रांतांत कारणावांचून पाऊल टाकूं नये. मला जें कारण घडलें तें घरांतल्याच एका फोटोमुळें.

माझ्या आजीचा एकटीचा असा फोटो आमच्या घरीं नव्हता. साताऱ्याच्या घराच्या ओटीवर काढलेला एक जुना फोटो मात्र होता. त्यांत आजी खुर्चीवर बसली असून तिच्या मागें तिची नणंद उभी आहे. ही बाई बालविधवा. सगळें घर तिला आत्याबाई म्हणे. तिनें सारें आयुष्य माहेरींच, म्हणजे आमच्या घरांत काढलें. आणि ह्या एका फोटोखेरीज तिची दुसरी प्रतिमा कोठेंही नाहीं. फोटोंत तिचा उजवा हात आजीच्या खांद्यावर आहे. गेल्या वर्षीं आजीचा मोठा फोटो करून भिंतीवर लावावा असें माझ्या धाकट्या बहिणीच्या मनांत आलें, म्हणून मीं तो सांगलीच्या एका दुकानांत नेला. तेथील मुलानें संगणकावर आजीची आकृति कापून घेतली, मागें फिकट निळा रंग घातला, आणि खांद्यावर राहिलेल्या चार बोटांकडे पाहून तो म्हणाला, "सर, एवढी कड फेदर करून टाकतों. हात होता हें कळणारसुद्धां नाहीं." मी "बरें" म्हणालों. दोन मिनिटांत बोटें पदरांत विरून गेलीं.

फोटो सुरेख झाला. घरांत सर्वांस आवडला. पुढें एके दिवशीं जेवतांना माझी दृष्टि त्याकडे गेली. जिनें आजीचीं पांचही बाळंतपणें काढलीं, त्या बाईला आपण आपल्या तोंडानें 'बरें' म्हणून पुसून टाकलें, हें ध्यानांत आलें आणि घास हातांतच राहिला.

दोष त्या मुलाचा नाहीं. त्यानें आपलें काम चोख केलें. पण हें फेदर करणें म्हणजे नेमकें काय, हें मीं मग त्याच्याचकडून समजून घेतलें. संगणकावरील चित्र म्हणजे रंगाच्या बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. एखाद्या भागाभोवतीं रेघ फिरवून तो निवडला म्हणजे प्रत्येक ठिपका एक तर आंत, नाहीं तर बाहेर. असा भाग उचलून दुसरीकडे ठेवला तर तो कात्रीनें कापून डकवलेल्या कागदासारखा दिसतो. गांवोगांवच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचीं मस्तकें अशींच ढगांत डकवलेलीं आपण पाहतों. फेदर केल्यानें हा आंत-बाहेरचा निवाडा एकदम होत नाहीं. कडेजवळच्या प्रत्येक ठिपक्यास शून्यापासून २५५ पर्यंत एक अंक मिळतो. २५५ म्हणजे पूर्ण आंत, शून्य म्हणजे पूर्ण बाहेर. मधल्या अंकांच्या ठिपक्यांत पुढच्या व मागच्या चित्रांचे रंग त्या त्या प्रमाणांत मिसळतात. हा उतार किती ठिपके रुंद असावा, हें कारागिरानें ठरवावयाचें.

परंतु सबंध कड एकसारखी मऊ केली तर माणूस धुक्यांतून आल्यासारखा दिसूं लागतो. म्हणून जाणता कारागीर निवडलेल्या भागावर एक तात्पुरता पडदा चढवतो, ज्यास ते लोक मास्क म्हणतात, आणि मऊ कुंचल्यानें पाहिजे तेवढीच कड विरवतो. कपाळावरचे सुटे केस आणि पदराची झिरझिरीत किनार विरवावयाची. चष्म्याची काडी, खुर्चीचा हात, नाकाची धार जशीच्या तशी ठेवावयाची. कोणती कड मऊ करावी आणि कोणती करूं नये, ह्या निवडींतच सारें कसब आहे.

फोटोशॉप नांवाचें साधन १९९० सालीं बाजारांत आलें. कसब मात्र फार जुनें आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत जें चित्रसूत्र आहे त्यांत छायेच्या कामास 'वर्तना' असें नांव असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पानाच्या आकाराच्या रेघांनीं साधते ती पत्रज, अतिशय सूक्ष्म ती ऐरिक, आणि ठिपक्यांनीं साधते ती बिंदुज. मोगल दरबारच्या चितारी लोकांत ह्याच ठिपक्यांच्या कामास परदाज म्हणत. अजिंठ्याच्या भिंतींवर बाहेरची रेषा ठाम असून गालाची, दंडाची गोलाई आंतल्या वर्तनेनें उठवलेली आहे. इटलींत लिओनार्दो दा व्हिंचीनें ह्याच्या उलट वाट धरली. त्यानें रेषाच धुरासारखी विरवली. पण त्यानेंही ती सरसकट विरवली नाहीं. मोना लिसाच्या ओठांचे व डोळ्यांचे कोपरे त्यानें विशेष मऊ ठेवले. त्यामुळें ती हंसते आहे कीं नाहीं, ह्याचा निकाल आजवर लागलेला नाहीं.

रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथें प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड असे, आणि रंग एकमेकांत मिसळल्याचा भास दगडावर हातानें घातलेल्या असंख्य ठिपक्यांनीं होई. आमच्या घराघरांतून ज्या लक्ष्मी-सरस्वती पूजिल्या गेल्या, त्यांच्या गालांवरची कोमलता अशी बिंदुज होती. फोटोग्राफर लोकांचीही युक्ति निराळी नव्हती. मध्यें लंबगोल भोंक पाडलेला, कडेला दांते असलेला पुठ्ठा घेऊन ते छाप उठवतांना कागदावर तो सारखा हालवीत. त्यानें चेहरा उमटे आणि भोंवतालचें सर्व पांढऱ्यांत विरे. काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनें सुरकुत्या भरून काढीत, ते निराळेंच. सारांश, फोटो खोटें बोलत नाहीं ही समजूत जितकी जुनी, तितकाच तो पुठ्ठाही जुना आहे.

ह्या विषयाची दुसरी बाजू आमच्याच मुलखांतील दोन पुरुषांच्या चरित्रांवरून चांगली कळते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं निघालें. अजिंठ्यावरील पुस्तक १९३२ सालीं. १९३८ सालीं त्यांनीं औंधास भवानी संग्रहालय उभारलें. तेथें किरातार्जुन-प्रसंगाची पहाडी चित्रमाला आहे, रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पाश्चात्त्य चित्रांच्या नकलाही आहेत. मी विद्यार्थ्यांस घेऊन तेथें जातों तेव्हां त्यांस इतकेंच सांगतों कीं, प्रत्येक चित्रापुढें उभे राहून चित्रकारानें कोणती कड बंद केली आणि कोणती उघडी सोडली तेवढें पाहा. पहाडी चितारी माणसाला रेषेनें बंद करतो. तैलचित्रकार त्याला मागच्या अंधारांत अर्धा मिसळून देतो. दोघेही प्रामाणिक आहेत, कारण आपण चित्र काढीत आहों हें दोघेही लपवीत नाहींत.

ह्याच राजांनीं १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांस कुंडल स्टेशनाजवळचा माळ दिला व तेथें किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव (१८६९–१९५६) तरुणपणीं चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें गेले होते. परंतु त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद कळत नसे, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांचीं ड्रॉइंगें काढण्यास शिकले. चित्रकलेचें नुकसान झालें असेल. शेतकऱ्याचा मात्र त्यांत लाभ झाला. कारण लोखंडी नांगराच्या ड्रॉइंगांत मऊ कड चालत नाहीं. फाळ कोठें संपतो आणि बोल्टाचें भोंक कोठें सुरू होतें, हें तेथें धुरासारखें विरवून भागत नाहीं. विरवलें तर ओतकाम बिघडतें आणि नांगर शेतांत मोडतो. एकाच संस्थानांत एक जण कड मऊ करण्याचा व्यासंग करीत होता आणि दुसरा ती ठाम राखण्याचा. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत.

इतिहास ह्या दोहोंपैकीं कोणाच्या घरचा? तो चित्रही आहे आणि ड्रॉइंगही आहे, असें मला वाटतें. आणि दोहोंची गल्लत झाली म्हणजे घोटाळा होतो. साताऱ्याचेंच उदाहरण घेऊं. १८३९ सालीं कंपनी सरकारनें प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविलें. १८४७ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागीं बसविलेले बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ सालीं वारले. त्यांचें दत्तविधान लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें मानलें नाहीं आणि राज्य घेतलें. महाराजांचे वकील रंगो बापूजी वर्षानुवर्षें लंडनमध्यें दाद मागत राहिले, ती मिळाली नाहीं. ही एवढी हकीगत आम्ही विद्यार्थ्यांपुढें कशी मांडतों? "साताऱ्याचें राज्य खालसा झालें." ह्या 'झालें' नें केवढें काम केलें पाहा! पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसें राज्य खालसा झालें. जो हात राज्याच्या मानेवर पडला, तो ह्या एका क्रियापदानें पदरांत विरवून टाकला. येथें 'केलें' असेंच म्हटलें पाहिजे, आणि कोणीं केलें तेंही सांगितलें पाहिजे. ती कड नांगराच्या फाळाची आहे.

ह्याच हकीगतींत मऊ कडेचीही जागा आहे. गादीवर बसतांना आप्पासाहेबांच्या मनांत थोरल्या भावाविषयीं काय होतें? लोभ होता, भय होतें, कीं नाइलाज होता? येथें ठाम रेघ ओढून कोणास खलपुरुष ठरविणारा इतिहासकार फ्लेक्सवाल्यासारखा मस्तक कापून ढगांत डकवतो. मनुष्याचे हेतु त्याच्या कपाळावरच्या सुट्या केसांसारखे असतात. ते थोडे मागच्या काळांत मिसळूं द्यावे. पण कोण हजर होतें, कोणीं कोणावर हात ठेवला, कोणीं काय काढून घेतलें, ह्या कडा मऊ करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आमच्या चुकीची तऱ्हा बहुधा उलट असते. हेतूंविषयीं आम्ही ठाम बोलतों आणि कृत्यांविषयीं मोघम.

हें सर्व मीं वर्गांत वीस-पंचवीस वर्षें सांगितलें असेल. तरी दुकानांत त्या मुलानें विचारलें तेव्हां माझ्या तोंडून 'बरें' गेलें, कारण तो इतिहास घरचा होता आणि फोटो सुरेख व्हावा अशी इच्छा होती. बहुतेक कडा अशाच मऊ होतात. कोणी दुष्टपणानें करीत नाहीं.

मी पुन्हां सांगलीस गेलों. मूळ फोटो माझ्याजवळ होता, एवढेंच दैव. मुलाला म्हटलें, "तो हात परत आणतां येईल का?" तो म्हणाला, "येईल, सर. पण नुसता हात कसा दिसेल? मग त्या मागच्या आजींनाही ठेवूं या." मला जें सुचावयास हवें होतें तें त्याला सुचलें. त्यानें दोघींना ठेवलें, मागची ओटीही ठेवली. केसांच्या कडा तेवढ्या हलक्या हातानें मऊ केल्या आणि खांद्यावरच्या बोटांना हात लावला नाहीं. बहिणीनें आधीं जरा कुरकुर केली, कारण हार कोणाला घालावयाचा हा प्रश्न होता. आतां एकच लांब हार दोघींवरून जातो.

मूळ फोटोच्या मागें मीं पेन्सिलीनें दोघींविषयीं आठवेल तें लिहून ठेवलें आहे. आजीचें नांव लिहिलें. आत्याबाईंचें पाळण्यांतलें नांव मात्र घरांत कोणालाच आठवेना. तेवढी जागा कोरी सोडली आहे.