प्रीॲम्प व्हॉल्व्ह बदलणे (बेस गिटार ॲम्प्लिफायर)

बेस गिटारचा क्षीण विद्युत् संकेत शक्ती-टप्प्याकडे जाण्यापूर्वी मोठा करणाऱ्या निर्वात नलिकेला प्रीॲम्प व्हॉल्व्ह म्हणतात. 12एएक्स7 (ईसीसी83) हा नऊ पिनांचा दुहेरी ट्रायोड यात सर्रास आढळतो. तो ठरावीक मुदतीने नव्हे, तर दोष सिद्ध झाल्यावरच बदलावा. त्यातून वाहणारा प्रवाह जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर असल्याने तो शक्ती-टप्प्यातील व्हॉल्व्हपेक्षा (शक्ती-व्हॉल्व्हपेक्षा) बराच अधिक टिकतो. खरखर, शिट्टी किंवा आवाज मंदावणे ही दोषाची लक्षणे होत. पण मळलेला सॉकेट किंवा बिघडलेला कपॅसिटरही तीच दाखवतो. म्हणून संशयित जागी खात्रीचा व्हॉल्व्ह बसवून पाहणे ही खरी कसोटी होय.

संपूर्ण नवा संच बसवल्यास नाद सुधारतो, असा आक्षेप घेतला जातो. नाद बदलू शकतो, हे खरे. उदाहरणार्थ, 12एएक्स7चा वर्धनांक (संकेत किती पट वाढतो त्याचे माप) 100, तर 12एटी7 या दुसऱ्या प्रकारच्या व्हॉल्व्हचा सुमारे 60 असतो. परंतु हा आवडीचा बदल आहे, दुरुस्ती नव्हे. बहुतेक प्रीॲम्प टप्प्यांत बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह ठरवणारा दाब) आपोआप जुळतो, म्हणून व्हॉल्व्ह बदलल्यावर तो पुन्हा लावावा लागत नाही. मात्र 1969 साली आलेल्या अँपेग एसव्हीटीसारख्या यंत्रात शक्ती-व्हॉल्व्हना संकेत पुरवणारा चालक व्हॉल्व्ह बदलल्यावर शक्ती-व्हॉल्व्हचा बायस तपासावा लागतो.  वीजपुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये घातक विद्युत् भार उरतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरची पेटी उघडण्याचे काम जाणकारानेच करावे.