डेझर्ट ईगल खरंच एवढी भारी आहे का? मोठ्या पिस्तुलांची क्रेझ आणि त्यामागचं गणित

बीजीएमआय खेळताना कुणाला डीगल सापडली की स्क्वॉडमध्ये एकच आरडाओरडा होतो. फ्री फायरवाल्यांनाही ही गन नवीन नाही. चकचकीत, जाडजूड, आणि डोक्यात एक गोळी बसली की समोरचा थेट लॉबीत! मग प्रश्न पडतोच: खऱ्या आयुष्यात ही गन अशीच चालते का? आणि इतकी पॉवरफुल असेल तर पोलीस आणि सैन्य ती का वापरत नाहीत?

आज मोठ्या, जास्त ताकदीच्या पिस्तुलांबद्दल सोप्या भाषेत समजून घेऊ. शेवटी सोलापूरकरांच्या कामाची कायद्याची माहितीही आहे. ती वगळू नका.

मोठं पिस्तूल म्हणजे नेमकं काय?

हातात धरून चालवायच्या बंदुकांचे मुख्य दोन प्रकार आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात, तर पिस्तुलात मुठीच्या आतल्या मॅगझिनमध्ये. गोळी किती जाड आहे, ते आकड्यात सांगतात. .२२ म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या साधारण २२ शतांश, आणि .५० म्हणजे जवळपास अर्धा इंच.

पण ताकद फक्त जाडीवर ठरत नाही. गोळीचं वजन आणि वेग, दोन्ही बघावे लागतात. म्हणूनच 'मॅग्नम' काडतुसं आली. यात दारू जास्त भरलेली असते, त्यामुळे साधारण तेवढ्याच जाडीची गोळी खूप जोरात सुटते. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं, .४४ मॅग्नम १९५५ मध्ये. दोन्ही अमेरिकेतली.

आता हे आकडे बघा. सगळे अंदाजे आहेत, कारण कंपनी आणि काडतुसानुसार थोडा फरक पडतो:

- .२२ एलआर (स्पर्धेतली): गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटर, ऊर्जा १४० जूल
- .३२ (भारतात लायसन्सवर मिळणारी रिव्हॉल्व्हर): गोळी ६.४ ग्रॅम, वेग २३५ मीटर, ऊर्जा १७५ जूल
- ९ एमएम (पोलीस आणि सैन्य): गोळी ८ ग्रॅम, वेग ३६० मीटर, ऊर्जा ५२० जूल
- .४४ मॅग्नम: गोळी १५.६ ग्रॅम, वेग ४०० मीटर, ऊर्जा १२५० जूल
- .५० एई (डेझर्ट ईगल): गोळी १९.४ ग्रॅम, वेग ४५० मीटर, ऊर्जा १९६० जूल

म्हणजे डेझर्ट ईगलची एक गोळी ९ एमएमच्या जवळपास चौपट ऊर्जा घेऊन निघते. एके-४७ ची गोळीही साधारण २००० जूलचीच असते. थोडक्यात, रायफलची ताकद मुठीत!

डेझर्ट ईगल आतून कशी चालते?

ही गन अमेरिकेतल्या मॅग्नम रिसर्च या कंपनीची. इस्रायलच्या इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजने तिच्या डिझाइनवर काम केलं आणि बरीच वर्षं ती तिथेच बनत होती. सुरुवातीला .३५७ मॅग्नममध्ये आली, मग .४४ मध्ये, आणि १९९१ च्या सुमारास .५० एई मध्ये.

नेहमीच्या ९ एमएम पिस्तुलात गोळी सुटल्यावर नळी आणि वरचा भाग (स्लाइड) झटक्याच्या जोरावरच मागे जातात. मॅग्नम काडतुसाला ही पद्धत झेपायला कठीण. म्हणून डेझर्ट ईगलमध्ये रायफलची युक्ती वापरली आहे. नळीला एक बारीक भोक असतं. गोळी पुढे जाताना थोडा गरम वायू त्या भोकातून खाली येतो, पिस्टनला ढकलतो आणि त्या जोरावर स्लाइड मागे जाते. काडतुसामागचं झाकण, म्हणजे बोल्ट, फिरून लॉक होतो, तोही रायफलसारखाच.

डोकं लढवून केलेलं काम आहे यात वाद नाही. पण याचे तोटेही आहेत. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरल्या तर ते बारीक भोक बुजतं. मनगट ढिलं पडलं तर पुढची गोळी नीट भरली जात नाही आणि गन अडकते. गेममध्ये गन कधी जॅम होत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

एवढी क्रेझ कुठून आली?

सरळ उत्तर: पडद्यावरून. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या हॉलिवूड सिनेमात क्लिंट ईस्टवूडच्या हातात .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर होती, आणि त्यानंतर तिची मागणी प्रचंड वाढली. १९९९ च्या 'द मॅट्रिक्स'मधल्या काळ्या सुटातल्या एजंटांकडे डेझर्ट ईगल दिसते. मोठी गन कॅमेऱ्यात उठून दिसते, एवढं साधं कारण. मग काउंटर-स्ट्राइक आलं, पुढे मोबाइलवरचे गेम आले, आणि 'डीगल' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला.

गंमत म्हणजे बीजीएमआयमध्ये डीगलला .४५ एसीपी गोळ्या लागतात. खरी डेझर्ट ईगल ओळखली जाते ती मॅग्नम आणि .५० एई काडतुसांसाठी. गेमवाल्यांनी त्यांच्याकडे असलेल्या गोळ्यांत तिला बसवलं, इतकंच.

तसं मोठ्या हत्याराचं वेड आपल्या भागाला नवीन नाही. सोलापूरहून साधारण १०० किलोमीटरवर विजापूर आहे, आता विजयपुरा. गोल घुमट बघायला गेलेला प्रत्येक जण 'मलिक-ए-मैदान' तोफेजवळ फोटो काढतोच. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली. नंतर ती बार्शीजवळच्या परांडा किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. वजन साधारण ५५ टन, तोंड जवळपास ७० सेंटिमीटर रुंद. बघून छाती दडपते. पण एवढं धूड हलवायचं म्हणजे हत्ती-बैलांची फौज लागणार, आणि एकदा बुरुजावर चढवलं की ते तिथंच. दरारा जबरदस्त, सोय कमी. मोठ्या पिस्तुलाचंही असंच आहे.

हातात घेतल्यावर काय होतं?

१. वजन. .५० ची डेझर्ट ईगल रिकामीच साधारण २ किलोची असते. तुमचा मोबाइल २०० ग्रॅमचा धरला तर एकावर एक १० मोबाइल! एक प्रयोग करा. २ लिटरची पाण्याची भरलेली बाटली एका हातात घ्या, हात खांद्याच्या रेषेत सरळ ठेवा आणि मोबाइलमध्ये टायमर लावा. अर्ध्या मिनिटात हात थरथरायला लागतो. आता अशा हाताने नेम धरायचा आहे, असं समजा.

२. झटका. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितकाच धक्का गनला मागे बसतो. हा न्यूटनचा तिसरा नियम, नववीच्या विज्ञानातला. वजन गुणिले वेग केलं तर .५० च्या गोळीचा संवेग ९ एमएमच्या तिप्पट येतो. गनचं वजन जास्त असल्यामुळे धक्का थोडा कमी जाणवतो, पण नळी वर उडते ती उडतेच. ती परत नेमावर आणेपर्यंत ९ एमएमवाल्याच्या दोन-तीन गोळ्या झाडून झालेल्या असतात. गेममध्ये बोट खाली ओढून रिकॉइल कंट्रोल होतं. इथे मनगट आणि खांद्याची ताकद लागते.

३. गोळ्या कमी. .५० च्या मॅगझिनमध्ये ७ गोळ्या बसतात. ग्लॉक १७ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये १७.

४. आवाज. १४० डेसिबलच्या वरचा आवाज एकदाच झाला तरी कानाला कायमची इजा करू शकतो. बहुतेक सगळ्या बंदुका ही मर्यादा ओलांडतात, आणि मॅग्नम काडतुसं तर सहज. बंद खोलीत कानाला संरक्षण नसताना ही गन चालवणं म्हणजे स्वतःच्या कानाशी दुश्मनी.

५. गोळी थांबत नाही. हा सगळ्यात गंभीर मुद्दा. एवढ्या ताकदीची गोळी दार किंवा पातळ भिंत पार करून पलीकडे जाऊ शकते. आपल्याकडच्या दाट वस्तीत, एकाला एक लागून असलेल्या घरांत, 'पलीकडे' म्हणजे शेजाऱ्यांची खोली.

६. खर्च. अमेरिकेतही नवीन गन साधारण २००० डॉलरच्या घरात जाते, आणि .५० ची एकेक गोळी दोन डॉलरच्या पुढे. सराव परवडत नाही, आणि सरावाशिवाय नेम बसत नाही.

मग ही बनवली कोणासाठी?

मुख्यतः हौशी नेमबाज, संग्राहक आणि शिकारी यांच्यासाठी. स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये 'मॉडेल ५००' ही रिव्हॉल्व्हर आणली. ती डेझर्ट ईगलपेक्षाही ताकदवान. मोठ्या नळीची असेल तर वजन २ किलोच्या वर, आणि गोळ्या फक्त पाच. अमेरिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी किंवा अस्वलांच्या जंगलात सोबत म्हणून अशी गन ठेवतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवरच बंदी आहे, त्यामुळे हा उपयोगही इथे नाही.

आपलं सैन्य आणि पोलीस प्रामुख्याने ९ एमएम पिस्तुलं वापरतात. वजन एक किलोच्या आसपास किंवा कमी, गोळ्या जास्त, दिवसभर कमरेला लावता येतात आणि सगळ्यांना शिकवता येतात. नोकरीतल्या माणसाला एवढंच हवं असतं.

खरा नेम कसा असतो?

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं उदाहरण घ्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली होती, निकाल शूट-ऑफमध्ये लागला. आणि तिच्या हातातलं पिस्तूल कोणतं? .२२ चं. वरच्या यादीतलं सगळ्यात कमी ताकदीचं!

१० मीटर एअर पिस्तूलमध्ये तर दारूही नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिमीचा छर्रा सुटतो. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे श्वास, बोट आणि डोकं शांत ठेवणं हीच पॉवर.

सोलापुरात डेझर्ट ईगल घेता येईल का?

नाही, असंच समजा. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना खेळासाठी वेगळी सवलत आहे. ९ एमएमसारखे बोअर 'प्रोहिबिटेड', म्हणजे सामान्य नागरिकांना बंद आहेत. लायसन्स मिळालं तर बहुतेकांना .३२ चं भारतीय हत्यार मिळतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये आणलेली 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर साधारण ५०० ग्रॅमची आहे, डेझर्ट ईगलच्या पाव वजनाची.

लायसन्सबद्दल थोडक्यात:

- वय किमान २१ पूर्ण हवं (नेमबाजी खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत).
- सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.
- खरं कारण दाखवावं लागतं. 'हौस' हे कारण चालत नाही.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात.

रील काढणाऱ्यांनी हे वाचाच

वाढदिवसाला गावठी कट्टा हातात घेऊन रील, वरातीत हवेत गोळीबार... असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. लायसन्स नसलेलं पिस्तूल जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ नुसार किमान २ ते कमाल ५ वर्षं तुरुंगवास आणि दंड. प्रोहिबिटेड हत्यार असेल तर ७ ते १४ वर्षं. आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात लायसन्सवाल्यालाही सूट नाही.

'मित्राचं होतं, मी फक्त फोटोपुरतं धरलं' हे वाक्य पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही. तुम्हीच टाकलेली रील तुमच्याच विरोधात पुरावा ठरते. स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते, पण स्क्रीनशॉट राहतो. आणि गुन्हा नोंद असेल तर सरकारी नोकरी, पोलीस भरती, पासपोर्ट, सगळीकडे पडताळणीत तो समोर येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डेझर्ट ईगल कोणत्या देशाच्या सैन्याची मुख्य गन आहे का?
नाही. मुख्य पिस्तूल म्हणून कोणत्याही सैन्याने ती घेतलेली नाही.

एका हाताने चालवता येते का?
सिनेमात. प्रत्यक्षात दोन्ही हातांची घट्ट पकड लागते.

मला नेमबाजी आवडते, सुरुवात कुठून करू?
एअर पिस्तूल किंवा एअर रायफलपासून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे.

थोडक्यात

डेझर्ट ईगल हा इंजिनिअरिंगचा भारी नमुना आहे, त्याबद्दल कुतूहल वाटणं साहजिक आहे. पण जड वजन, मोठा झटका, कमी गोळ्या आणि भिंतीपलीकडचा धोका बघितला तर रोजच्या कामासाठी ती गैरसोयीचीच. म्हणून गेममध्ये डीगल बिनधास्त उचला. खऱ्या गनसोबत फोटो काढायचाच असेल, तर विजापूरची मलिक-ए-मैदान आहेच. तिच्यासाठी लायसन्स लागत नाही!