लाखेची तबकडी आणि पुणतांब्याचा स्विंग

दिवाळीच्या कार्यक्रमात नाटुकलं संपलं, जेवणं उरकली, खुर्च्या भिंतीला लागल्या की कोणीतरी 'अलबेला'ची गाणी लावतंच. मग एखादे आजोबा हात थोडे वर उचलून, भगवानदादांसारखे गुडघ्यात हलके वाकून नाचू लागतात आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. तुमच्या घरातलं कोणी शाळेच्या जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवत असेल, तर त्या वेळी त्याला किंवा तिला हळूच विचारा, ''हे काय चाललंय, ओळखीचं वाटतं का?'' उत्तर येईल, ''हे तर बिग बँडसारखं आहे!'' आणि आजोबा म्हणतील, ''छे रे, हे आपलं जुनं गाणं.''

दोघंही बरोबर आहेत. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. आपल्या मंडळात दरवर्षी एक वाद होतो: कार्यक्रमात 'आपलं' काय आणि 'बाहेरचं' काय. हा वाद आपण अमेरिकेत येऊन सुरू केला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो सत्तर वर्षांपूर्वी भारतात झाला होता, अगदी मंत्र्यांच्या पातळीवर. आणि वादाच्या दोन टोकांना दोन मराठी माणसं होती.

आधी अमेरिकेतली गोष्ट. १९३५ ते १९४५ या सुमारे दहा वर्षांना इथे 'स्विंग एरा' म्हणतात. पंधरा-सोळा वादकांचा बँड. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन असे तीन ताफे आणि मागे पियानो, गिटार, बेस व ड्रम. एका ताफ्याने एक ओळ टाकायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं. तमाशातला सवाल-जवाब आठवा, किंवा मुख्य गायकाची ओळ उचलणारे झीलकरी आठवा, हिशोब तोच. खाली चार मात्रा सरळ चालतात, पण वरचे सूर मात्रेचे दोन सारखे तुकडे करत नाहीत. एक तुकडा जरा लांब, दुसरा आखूड. त्या झोक्यालाच स्विंग म्हणतात. पाय आपोआप हलू लागतात तो त्यामुळेच.

२१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडला तरुणांनी डोक्यावर घेतलं. स्विंगचा काळ तिथून सुरू झाला असं सहसा सांगतात. त्याआधी काही महिने गुडमनचा बँड न्यूयॉर्कहून रेडिओवर वाजत असे, तोही रात्री उशिरा. पूर्वेकडचे लोक तोवर झोपलेले असत. पश्चिम किनाऱ्यावर मात्र घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिथली मुलं जागी असत. भारतात फोन करण्याआधी वेळेची वजाबाकी करणाऱ्या आपल्याला हे पटकन समजेल.

पण त्या रात्री ज्या मांडणीवर लोक खूश झाले, तिच्यातली बरीचशी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराची होती. त्याचा स्वतःचा बँड पैशाअभावी बसला होता, म्हणून त्याने आपल्या मांडण्या गुडमनला विकल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत होते, पण दक्षिणेत दौऱ्यावर गेलेल्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडला हॉटेलात खोली मिळत नसे. म्हणून तो स्वतःचे रेल्वेचे डबे भाड्याने घेऊन त्यांतच राही. संगीत कोणाचं आणि नाव कोणाचं, हा प्रश्न इथपासूनच या गोष्टीत आहे. तो लक्षात ठेवा. पुढे मुंबईत तो पुन्हा भेटेल.

ही गाणी घराघरांत गेली ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून. दहा इंची तबकडी, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. ग्लेन मिलरच्या 'चॅटानूगा चू चू' या गाण्याच्या बारा लाख प्रती खपल्या, म्हणून १० फेब्रुवारी १९४२ रोजी त्याला सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट देण्यात आली. 'गोल्ड रेकॉर्ड'ची प्रथा तिथून सुरू झाली.

आता विचार करा, ही तबकडी कशाची होती? प्लॅस्टिकची नव्हे. दगडाची बारीक भुकटी आणि काजळी, आणि त्यांना धरून ठेवणारी चपडा लाख. आपल्या बांगड्यांची लाख, महाभारतातल्या लाक्षागृहाची लाख! पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक चिमुकला किडा ती तयार करतो. छोटा नागपूरच्या जंगलातली माणसं, त्यात बरेच आदिवासी, ती फांद्यांवरून खरवडून काढत. मिर्झापूरसारख्या ठिकाणी ती शुद्ध होई आणि कलकत्त्याहून जहाजाने जगभर जाई. १९४२ मध्ये युद्धामुळे पुरवठा धोक्यात आला, तेव्हा अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली आणि कंपन्या जुन्या तबकड्या गोळा करून वितळवू लागल्या. गुडमन असो की एलिंग्टन, त्यांच्या सुरांना धरून ठेवणारा डिंक भारतातल्या झाडांवरून आलेला होता. तो गोळा करणाऱ्यांचं नाव तबकडीवर अर्थातच नव्हतं.

लाख इकडे येत होती तेव्हा संगीत तिकडे जात होतं. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. मायदेशात त्यांना मागच्या दाराने आत जावं लागे. ताजमध्ये ते मुख्य आकर्षण होते. गंमत म्हणजे त्याच मुंबईत काही क्लबांमध्ये हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला.

या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून शिकले ते गोवेकर. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवणारे वादक मुंबईला गोव्याहूनच मिळत. त्यांतला एक म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. लुई आर्मस्ट्राँगला गुरू मानून ट्रम्पेट वाजवणारा हा तरुण 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे इंग्रज गेले, १९४९ मध्ये मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला आणि क्लबांतली कामं रोडावली. रोजची मिळकत आता होती ती सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये. त्यामुळे हे वादक स्टुडिओकडे वळले. तिथे त्यांची गाठ पडली आपल्या माणसाशी.

रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, अहमदनगर जिल्ह्यातलं पुणतांबे. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रागसंगीताचं शिक्षण घेतलं. नट व्हायला गेले, ते जमलं नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले. भगवान पालव म्हणजे भगवानदादा हे त्यांचे दोस्त. गिरणी कामगाराचा मुलगा, मारामारीच्या स्वस्त सिनेमांचा नायक आणि हॉलिवूडचा वेडा. १९४१ मध्ये भगवानदादा 'वनमोहिनी' नावाचा तमिळ सिनेमा करत होते, त्याचं संगीत त्यांनी या मित्राला दिलं. एक मराठी दिग्दर्शक, एक मराठी संगीतकार आणि सिनेमा तमिळ! नव्या देशात नव्या भाषेत काम शोधणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

संगीत देताना ते सी. रामचंद्र, गाताना नुसते चितळकर. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, 'शहनाई'तलं त्यांचं 'आना मेरी जान' गल्लोगल्ली वाजलं. त्यात सॅक्सोफोन होता, गिटार होती, माउथ ऑर्गन होता, शिट्टीसुद्धा होती. मग १९५१ मध्ये आला भगवानदादांचा 'अलबेला'. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बाँगो. आणि त्यांच्यावर लताबाईंचा आणि चितळकरांचा आवाज. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहायक होते आणि 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा ट्रम्पेट घेतलेल्या माणसाकडे जरा थांबून पाहा.

ही गाणी नकल होती का? काही वेळा होती, ते लपवायचं कारण नाही. 'समाधी'तल्या (१९५०) 'गोरे गोरे'ची चाल १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडाने गायलेल्या गाण्यावरून घेतलेली आहे. दोन्ही ऐकलीत तर शंका उरणार नाही. पण बहुतेक ठिकाणी जे घडलं ते वेगळं होतं. मुखडा-अंतरा आपला, गळ्यातली हरकत आपली, आणि दोन ओळींमधली जागा भरणारे ताफे स्विंगचे. पाहुण्याला ओटीवर न ठेवता स्वयंपाकघरात घ्यावं, तसं.

सगळ्यांना हे आवडलं नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, पॅरिसला शिकलेले आणि स्वतः शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेले. सिनेमाची गाणी उथळ आहेत, परक्या संगीताने बिघडलेली आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथूनच सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि गाणी घरी परतली.

केसकरांना हसणं सोपं आहे; मीही पूर्वी हसत असे. पण त्यांच्याच कारकिर्दीत आकाशवाणीने शास्त्रीय संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम आणि संमेलनं सुरू केली, दरबारांचा आधार सुटलेल्या कितीतरी गवयांना काम मिळालं. आपल्या हातून काहीतरी निसटतंय ही त्यांची भीती खोटी नव्हती. मुलं घरात इंग्रजीत उत्तर देऊ लागली की आपल्या पोटात जे होतं, तेच हे. चूक भीतीत नव्हती, उपायात होती. दार लावून घेतलं की घरातलेच लोक शेजारी जाऊन बसतात.

आणि ज्याचं संगीत बाहेरचं म्हणून नाकारलं, तो माणूस कोण होता? १९५३ मध्ये 'अनारकली'ला रागदारीत भिजलेल्या चाली देणारा. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं आणि नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या गाण्याचा संगीतकार. नंतर गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली लावणारा. 'ईना मीना डीका' करणारा हात आणि हा हात एकच. स्विंगमुळे त्यांची मुळं उखडली नाहीत. मुळं घट्ट होती म्हणूनच त्यांना इतका झोका घेता आला.

दोष द्यायचाच तर दुसऱ्या गोष्टीला देऊ. वाद्यमेळाची पानंच्या पानं लिहिणाऱ्या, वाजवणाऱ्या गोवेकरांची नावं त्या काळच्या तबकड्यांवर क्वचितच सापडतात. हेंडरसनचं झालं तेच. परक्याकडून घेण्यात कमीपणा नाही. घेतलं कोणाकडून, हे न सांगण्यात आहे.

देवाणघेवाण एकतर्फीही राहिली नाही. १९६३ च्या शरदात ड्यूक एलिंग्टनचा बँड अमेरिकन सरकारतर्फे भारतात आला. त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' हा संगीतसंच जन्मला. त्यातल्या 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' या तुकड्यात क्लॅरिनेट चक्क आपल्या मैनेची शीळ घालतं.

तर यंदा एक करा. जेवणानंतर आजोबांनी 'अलबेला' लावला की जॅझ बँडवाल्या नातवंडाला वाद्य आणायला सांगा. तयार स्वरलेखन शोधत बसू नका. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, कागदावर उतरवायचं. आजोबांनी ओळ गाऊन दाखवायची, नातवंडाने ताफ्याचं उत्तर वाजवायचं. ढोलकी मंडळाच्या कपाटात आहेच. पुढच्या दिवाळीला कार्यक्रमपत्रिकेवर छापायचं झालं, तर संगीतकाराच्या नावाखाली आणखी एक नाव घाला: ट्रम्पेट, चिक चॉकलेट, हळदोणे.